पाच जण, एक कंट्रोलर आणि एक खून

कंदील

मंडळी, प्रश्न साधा आहे. पण त्याच्यामागे दोन आठवड्यांचा घरगुती अबोला आहे, म्हणून थोडं पाल्हाळ लावते.

आम्ही घरात पाच जण. आई, बाबा, दादा, वहिनी आणि मी. रहस्यकथांचं वेड सगळ्यांना, गेम खेळणारे मात्र दादा आणि जेमतेम मी. मागच्या महिन्यात मी टूम काढली की पात्रांनी काय करायचं ते जिथे आपण ठरवतो, तसला एखादा गेम मोठ्या पडद्यावर लावू आणि सगळे मिळून खेळू. 'अन्टिल डॉन' लावला. बर्फाळ डोंगरावरचं एकाकी घर, आठ तरुण मुलंमुली, आणि सकाळपर्यंत कोण टिकतं ते आपल्या निर्णयांवर. आठही वाचू शकतात, आठही मरू शकतात.

पहिला तास काय गेला म्हणून सांगू! बाबांनी जन्मात कंट्रोलर धरलेला नाही, ते "अगं दार उघडू नकोस" म्हणून पडद्यावर ओरडत होते. मग घोळ सुरू झाले.

दादानं हा गेम पूर्वी कुणाच्या तरी व्हिडिओत अथपासून इतिपर्यंत पाहिलाय. मी काही बोलणार नाही, असं वचन दिलं होतं त्यानं आणि तो खरंच बोलत नाही. पण निवड करायची वेळ आली की छताकडे बघतो. आईनं हे दहा मिनिटांत ओळखलं. आता ती पडद्याकडे बघतच नाही, दादाच्या तोंडाकडे बघते. गेममधला खुनी राहिला बाजूला, आमच्या घरात दादाची उलटतपासणी चालू आहे.

त्यात 'अजिबात हलू नका' असा एक प्रकार आहे. कंट्रोलर हातात स्थिर धरायचा, हलला की लपलेलं पात्र सापडतं. बाबांची पाळी होती. बाबांना शिंक आली. वहिनी म्हणाली हे धरायचं नाही, मागे जाऊ. पण तो गेम आपला आपण सेव्ह होत जातो, मागे जायची सोयच ठेवलेली नाही. बाबा "माझ्यामुळे पोर गेली" म्हणून उठून झोपायला गेले ते त्यानंतर बसलेलेच नाहीत.

तर तुम्ही घरच्यांबरोबर, मित्रांबरोबर हे कसं खेळता? नियम असतात का? आणि कोणता गेम घ्यावा? स्पॉयलर मात्र नको, आमचा 'अन्टिल डॉन' अर्धा राहिलाय.

शेवटचा_बाक

रुमाल टाकून ठेवतो. निवांत वाचेन.

आगाऊ_कार्टं

काकांना सांगा, त्याच प्रकारात मीपण एक जण घालवलाय. मला तर शिंकही आली नव्हती.

कंदील

बाबांना दाखवलं. "म्हणजे मी एकटाच नाही" एवढंच म्हणाले, पण चेहरा खुलला.

निशाचर

आमचा सहा जणांचा कंपू गेली काही वर्षं हेच करतोय, त्यामुळे हक्कानं लिहितो.

तुमची पहिली चूक गेमच्या निवडीत झाली. 'अन्टिल डॉन' २०१५ चा. एकानं खेळावा म्हणूनच बनवलेला. पण लोक तो टोळक्यानं बसून, कंट्रोलर फिरवत खेळायला लागले. त्याच कंपनीनं, सुपरमॅसिव्हनं, पुढे २०१९ पासून 'द डार्क पिक्चर्स' नावाची मालिका काढली, त्यात ही गोष्ट सरळ आत बसवली. 'मूव्ही नाइट' म्हणून प्रकार आहे. सुरुवातीला पाचापर्यंत नावं टाकायची, पात्रं वाटून घ्यायची, आणि ज्याचं पात्र पडद्यावर येईल त्याच्याकडे कंट्रोलर द्या असं गेमच सांगतो. 'मॅन ऑफ मेदान', 'लिटल होप', 'हाउस ऑफ ॲशेस', 'द डेव्हिल इन मी', चारही भागांत खेळायची पात्रं पाच आणि तुम्हीही पाच. याहून काय हवं?

पात्रं वाटली की मतदानाचा प्रश्नच मिटतो. तुमचं पात्र, तुमचा निर्णय, मेलं तर तुमचं मेलं. बाकीच्यांनी ओरडायचं, पण बटण तुमच्या हातात.

आता दादा. आमच्याकडेही एक 'सगळं पाहिलेला' आहे. त्याच्यासाठी नियम असा की ज्याला गोष्ट माहीत आहे तो ड्रायव्हर. पात्राला चालवायचं, दारं उघडायची, पटापट बटणं दाबायची कामं त्याची. निवड आली की कंट्रोलर पुढच्याकडे. आणि बसायचं सगळ्यांच्या मागे, म्हणजे तोंड दिसत नाही.

कंदील

मागे बसवायचं! दोन आठवडे हे कुणाला सुचलं नाही!

तिरपागडे

मी नेहमीप्रमाणे उलट्या दिशेनं येतो.

हे 'रहस्याचे' गेम आहेत असं म्हणणंच मला मान्य नाही. डावीकडे पळू की उजवीकडे, खरं सांगू की खोटं, यात शोध कुठे आहे? तुम्ही नशिबाची सोडत काढताय. पाच जणांनी मत दिलं म्हणून खुनी बदलत नाही, आणि ज्या गेममध्ये बदलतो तिथे तर रहस्यच नव्हतं म्हणायचं.

खरंच डोकं लावायचं असेल तर 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन' घ्या. २०१८ चा, लुकास पोप या माणसानं जवळजवळ एकट्यानं केलेला. १८०७ साल, एक बेपत्ता जहाज रिकामं परत येतं. आपण ईस्ट इंडिया कंपनीचे विम्याचे निरीक्षक. जहाजावर होती साठ माणसं. आपल्याकडे एक घड्याळ असतं, ते मढ्याजवळ धरलं की त्या माणसाच्या मरणाचा क्षण गोठलेला दिसतो, त्याआधीचं थोडंसं बोलणं ऐकू येतं. त्यावरून साठही जणांची नावं आणि कोण कसा गेला, कुणाच्या हातून गेला ते वहीत भरायचं. गंमत अशी की तीन जणांचं बरोबर भरल्याशिवाय गेम 'बरोबर' म्हणत नाही. त्यामुळे ठोकून देता येत नाही. कुणाचे बूट कसे, कोण कुठल्या भाषेत बोलतो, कोणाचा झोपायचा झोळणा कितव्या नंबरचा, इथपर्यंत बघावं लागतं.

मी आणि बायकोनं खेळला. तिच्याकडे कागद, माझ्याकडे कंट्रोलर. मी एकटा असतो तर निम्म्यातच अडकलो असतो. माणसं लक्षात ठेवण्यात ती माझ्या दहापट पुढे आहे.

निशाचर

तिरपागडे, ओब्रा डिन अफाट आहे, वाद नाही. पण पाच जणांत? दोघं शोध लावतात आणि तिघं मोबाइल काढतात. करून पाहिलंय.

तिरपागडे

मोबाइल काढणारे तुमच्या गेममध्येही काढतात. फक्त कोणी किंचाळलं की वर बघतात.

आगाऊ_कार्टं

हसून हसून पुरेवाट. आमच्या मामाचं वर्णन आहे हे.

मधली_सुट्टी

मध्येच घुसते. घरात दहा आणि तेरा वर्षांची दोन कार्टी आहेत. वर आलेले बहुतेक गेम रक्तबंबाळ दिसतात. मुलांबरोबर बसून खेळता येईल असं काही?

निशाचर

डार्क पिक्चर्स मुळीच नको, ते मोठ्यांचंच आहे. 'फ्रॉग डिटेक्टिव्ह' बघा, एक बेडूक गुप्तहेर, तीन छोट्या गोष्टी, कुणी मरत नाही, नुसता वात्रटपणा. त्यात निवडीला फारसा अर्थ नाही, पण संवाद वाचायला धमाल. 'डक डिटेक्टिव्ह'मध्ये थोडं डोकं लागतं. पुरावे पाहून शब्द गोळा करायचे आणि गाळलेल्या जागा भरून निष्कर्ष तयार करायचा. तेरा वर्षांच्याला तो पुरेल.

मधली_सुट्टी

बदक चालेल. धन्यवाद!

कासव

पटापट बटणं दाबण्याबद्दल लिहायचं होतं, कारण माझं घोडं तिथेच अडतं. माझी बोटं आखडतात. विचार करायला मी कुणाला हार जाणार नाही, पण "आत्ता त्रिकोण दाबा, आता चौकोन" सुरू झालं की माझ्यामुळे कुणीतरी दरीत पडतं. भाचा म्हणतो, "आत्या, तू निर्णय घे, मी दाबतो." चांगला पोरगा आहे, पण दरवेळी दुसऱ्याच्या हातानं खेळायचं जरा टोचतं.

मग कळलं की सेटिंगमध्येच सोय असते. 'लिटल होप'पासून बटण येण्याआधी इशारा येतो. २०२२ च्या 'द क्वारी'मध्ये तर असले प्रसंग आपोआप पार पडतील असं ठरवून ठेवता येतं, आपण फक्त निवडी करायच्या. खेळायला बसण्याआधी पाच मिनिटं सेटिंग चाळा हो, कुणी चाळत नाही. तुमच्या बाबांसाठीही सांगतेय, कंदील. शिंकेवर इलाज नसेल, पण बाकीच्यावर आहे.

कंदील

कासवताई, ही पोस्ट बाबांना मोठ्यानं वाचून दाखवली. थोडा वेळ गप्प होते, मग "शनिवारी बसू" म्हणाले. दंडवत घ्या.

शून्यापासून

तिरपागडे यांच्या 'सोडत'वरून दोन शब्द, कारण पोटापाण्यासाठी कोड लिहितो.

प्रत्येक निवडीला दोन फाटे आणि फाटे कधीच परत जुळत नाहीत असं धरा. दहा निवडींनंतर १,०२४ वेगळ्या गोष्टी लिहाव्या लागतील. वीस निवडींनंतर १०,४८,५७६. एवढं लिहिणार कोण, चित्रित करणार कोण? म्हणून फाटा फुटतो, थोडं पुढे जातो आणि मूळ रस्त्याला येऊन मिळतो. मिळताना एक खूण मागे राहते: याला मारलं, हिच्याशी खोटं बोललो, चाकू उचलला. पुढे कुठेतरी गेम ती खूण तपासतो आणि एखादं वाक्य किंवा एखादं मरण बदलतो. 'अमुक हे लक्षात ठेवेल' असं पडद्यावर येतं ना, ते म्हणजे अशी एक खूण केल्याचं जाहीर करणं. तिचा पुढे मोठा उपयोग होईलच याची हमी नाही.

'डेट्रॉइट: बिकम ह्यूमन' (२०१८) यात सगळ्यात प्रामाणिक. प्रत्येक प्रकरण संपलं की फाट्यांचा नकाशाच समोर ठेवतो, जगातल्या किती टक्के खेळाडूंनी कुठली वाट धरली तेही दाखवतो. पण घरच्यांबरोबर खेळताना तो नकाशा झटकन पुढे ढकला. बंद चौकटी दिसल्या की कुणीतरी म्हणतंच, "ते काय होतं, परत जाऊ." आणि मग गोष्ट मेली.

पानगळ

शून्यापासून यांनी लिहिलं त्याचा पूर्वज सांगतो. व्हिडिओ गेमच्या कितीतरी आधीचा आहे.

१९६७ मध्ये माँट्रियलला जागतिक प्रदर्शन भरलं होतं. तिथल्या चेकोस्लोव्हाकियाच्या दालनात 'किनोऑटोमॅट' नावाचा चित्रपट दाखवायचे, कर्ता रादुझ चिन्चेरा. प्रत्येक खुर्चीला दोन बटणं, एक हिरवं, एक लाल. नायक पेचात सापडला की चित्रपट थांबायचा, निवेदक मंचावर येऊन विचारायचा, आता यानं काय करावं? लोक बटण दाबत. बहुमताप्रमाणे चित्रपट पुढे सरके.

आतली मेख अशी की फाटे लगेच परत जुळत. दोन प्रोजेक्टर शेजारी शेजारी चालू, मतदान झालं की माणूस एकाचं भिंग झाकणार आणि दुसऱ्याचं उघडणार, बस्स. तुम्ही काहीही निवडा, गोष्ट त्याच आगीत संपते. आणि ती आग सुरुवातीलाच दाखवलेली असते! ज्या लोकांनी घसा फोडून 'हिरवं, हिरवं' केलं असेल, त्यांच्या ओरडण्यानं शेवटात तसूभरही फरक पडला नव्हता.

मला त्यातली आणखी एक गोष्ट फार आवडते. कुठल्या खुर्चीनं कुठलं बटण दाबलं ते पडद्याच्या कडेनं सगळ्यांना दिसायचं. म्हणजे मतदान उघड. शेजारच्या माणसानं काय निवडलं ते कळणार, आणि त्याला तुमचं. मला वाटतं, खरा खेळ तिथे होता.

तिरपागडे

म्हणजे मी म्हणत होतो तेच. फसवणूक आहे.

पानगळ

शेवट ठरलेला होता, भांडण ठरलेलं नव्हतं. बायकोच्या शेजारी बसून तुम्ही लाल दाबलंत आणि तिनं हिरवं, तर घरी जाताना तुम्ही कशावर बोलाल? आगीवर?

तिरपागडे

हम्म.

निशाचर

पानगळ, उघड मतदानाचा मुद्दा मस्त काढलात. त्यावरून पुढचं.

फोनवर मत देऊन खेळायचे दोन गेम मी अगदी पोट भरून खेळलोय. एक 'हिडन अजेंडा', २०१७ चा, प्लेस्टेशन ४ वरचा, सहा जणांपर्यंत. खून करून सापळे लावून ठेवणारा एक जण, त्याच्या मागावर एक पोलीस अधिकारी आणि एक सरकारी वकील. दीड-दोन तासांत एक फेरी संपते. साध्या प्रकारात सगळे मिळून ठरवतात. चुरशीच्या प्रकारात एकाच्या फोनवर गुपचूप काम येतं, की अमुक घडवून आण. बाकीच्यांनी ओळखायचं, आपल्यातला फितूर कोण. आमच्यातला सगळ्यात गरीब चेहऱ्याचा मित्र पहिल्यांदा फितूर झाला आणि तासभर आम्हाला इतक्या कळकळीनं चुकीच्या दिशेला नेलं की तेव्हापासून त्याच्या कुठल्याच सल्ल्यावर आमचा विश्वास नाही.

दुसरा 'ॲज डस्क फॉल्स', २०२२ चा. १९९८ चं ॲरिझोना, रस्त्याकडेचं मोटेल, फसलेली चोरी आणि त्यात अडकलेली दोन कुटुंबं. हलत्या चित्रांऐवजी रंगवलेल्या स्थिर चित्रांसारखा दिसतो, चार मिनिटांत सवय होते. आठ जणांपर्यंत खेळता येतो, कंट्रोलर नसेल त्यानं फोनवरून मत द्यायचं. बहुमत जिंकतं, बरोबरी झाली तर गेमच चिठ्ठी टाकतो. आणि प्रत्येकाला मोजके नकाराधिकार. सगळे एका बाजूला असताना एकानं तो वापरला की त्याचंच खरं.

कोणी काय निवडलं ते इथेही सगळ्यांना दिसतं. प्रकरणाच्या शेवटी तर गेम प्रत्येकाचा स्वभावही सांगतो. माझी बहीण आणि मेहुणे यांच्यात पैशाच्या एका निवडीवरून जे सुरू झालं, त्यासाठी आम्ही गेम वीस मिनिटं थांबवून ठेवला होता. लग्नाला अकरा वर्षं झालीत त्यांच्या. "तू असं करशील?" "मग तू काय करशील?" आम्ही चौघं नुसते बघत बसलो.

तिरपागडे म्हणतील यात रहस्य नाही. खून कोणी केला हे शोधायचं नसतं, खरंय.

तिरपागडे

म्हणणारच होतो, तुम्ही हौस भागवू दिली नाहीत.

आगाऊ_कार्टं

नकाराधिकार आमच्या घरी आईकडे कायमचा आहे. गेम नसतानाही.

कंदील

ताजी खबर.

काल 'मॅन ऑफ मेदान' मूव्ही नाइटमध्ये सुरू केला. समुद्रात एक भुताटकीचं जहाज, पाच पात्रं, पाच आम्ही. दादानं हा पाहिलेला नाही, देवाशपथ म्हणाला, तरी आईनं त्याला मागेच बसवलं. बाबांनी बोटीच्या कॅप्टनचं पात्र घेतलं, फ्लिस नावाची मुलगी आहे, पण "कॅप्टन तो कॅप्टन".

एक अनपेक्षित प्रकार झाला. लपताना हृदयाच्या ठोक्यांवर नेमकं बटण दाबायचं असतं. दादा, गेममधला वाघ, दोनदा चुकला. आईचा ताल पक्का. तिनं डोळे मिटून दाबलं, एकही ठोका चुकवला नाही. आता वहिनीच्या पात्रावरही तसला प्रसंग आला की कंट्रोलर आईकडे जातो. नियमात बसत नाही, पण कोणाची हिंमत आहे बोलायची?

एक अडचण मात्र आहे. आईला इंग्रजी वाचता येतं, पण वेगानं नाही. मी मराठीत सांगेपर्यंत निवडीची वेळ संपते आणि पात्र गप्पच राहतं. काल तिच्या पात्रानं तीनदा तोंड उघडलं नाही. "मी एवढी घुमी आहे का?" म्हणून रागावली.

कासव

गप्प राहणं हीसुद्धा निवड असते हो त्यात, कधी कधी तीच बरी पडते! पण राग समजू शकते.

वेळेची टांगती तलवार नसलेले गेम घ्या. 'एस अटर्नी' मालिका बघा, जपानमध्ये २००१ ला सुरू झाली. वकील आहात, साक्षीदाराचं खोटं पकडायचं. सगळं वाचायचं असतं आणि पुढचं वाक्य आपण बटण दाबल्यावरच येतं. आम्ही पात्रं वाटून मोठ्यानं वाचतो, मी सरकारी वकील. भाच्याच्या मते मी फार मन लावून करते.

पानगळ

आणि 'हर स्टोरी', २०१५. एका बाईच्या पोलीस चौकशीचे जुने व्हिडिओ, तुकड्यातुकड्यांत. शोधायच्या चौकटीत एक शब्द टाकायचा, तो शब्द तिनं जिथे उच्चारला ते तुकडे येतात, पण कितीही असले तरी पहिले पाचच बघता येतात. त्यामुळे नेमका शब्द सुचणं हीच सगळी कला. घरातल्या प्रत्येकानं पाळीपाळीनं एक शब्द सुचवायचा. मी 'लग्न' टाकायला सांगितलं, मुलीनं 'आरसा'. कोण कसा विचार करतं ते त्या एका शब्दात कळतं. इथे इंग्रजी ऐकावं लागतं, पण तुकडा पुन्हा पुन्हा लावता येतो.

शून्यापासून

निवडी आणि शोध दोन्ही हवं असेल, आणि घाई नको असेल, तर माझं मत 'पेन्टिमेंट'ला. २०२२. सोळाव्या शतकातला बव्हेरिया, एक मठ, एक तरुण चित्रकार. मठात खून होतो, आळ चित्रकाराच्या म्हाताऱ्या स्नेह्यावर येतो. त्याला सोडवायचं तर दुसरा कोणी दाखवावा लागणार, आणि ज्याला तुम्ही दाखवाल त्याला देहदंड. दिवस मोजके, सगळे दुवे तपासायला वेळ पुरतच नाही, कोणाकडे जायचं ते निवडावं लागतं. संवाद सगळे लेखी, आवाज नाही, टायमर नाही. पात्राच्या शिक्षणाप्रमाणे त्याच्या बोलण्याचं अक्षरही वेगळं दिसतं, हे तर काय वर्णावं.

तिरपागडे, इथे तुमची पंचाईत आहे. गेम तुम्हाला "बरोबर" असं म्हणतच नाही.

तिरपागडे

अरेरे, हा स्पॉयलर झाला की.

शून्यापासून

ते आधी माहीत असलं तर उलट नीट विचार करून बोट दाखवाल.

मधली_सुट्टी

बदकाचा अहवाल: धाकट्यानं पहिल्या तासात खुन्याचं नाव सांगितलं. खून झालेलाच नाही हे त्याला मागाहून सांगावं लागलं.

आगाऊ_कार्टं

होतकरू पोलीस आहे तुमचा मुलगा.

कंदील

तीन आठवड्यांनी येतेय, क्षमस्व. 'मॅन ऑफ मेदान' संपला. तिघं वाचले, बाबांचा कॅप्टन त्यात आहे. हे ते रोज एकदा आठवण करून देतात. दादाचं पात्र गेलं. स्वतःच्याच निवडीनं.

मग शून्यापासून यांचं ऐकून 'पेन्टिमेंट' घेतला. वहिनी वाचते आणि लगेच मराठीत सांगते, पात्राला शोभेल असं. मठाधिपतींसाठी तिनं असा काही खर्ज लावलाय की आम्ही तो संपू देत नाही. दर थोड्या वेळानं थांबतो, आई वहीत लिहिते. संशयित चार, आम्ही पाच. तीन संध्याकाळी नुसती चर्चा. एक संध्याकाळ तर गेम लावलाच नाही.

पहिल्या खुनाचं बोट दाखवायची वेळ आली तेव्हा मतं अशी: बाबा आणि दादा एकावर, वहिनी आणि मी दुसरीवर, आईचं एक मत उरलं. ती म्हणाली, "यांच्यावर पुरावा जास्त आहे. पण हिच्यावर आळ घेतला तर मागे रडणारं कोणी नाही." सगळे चिडीचूप झाले. अशा हिशोबानं मत देता येतं हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि मग तिनं मत दिलं पुराव्याच्याच बाजूनं.

तो प्रसंग पाहून झाल्यावर बाबांनी विचारलं, "तोच होता ना?" कोणी उत्तर दिलं नाही. दादानं नेटवर शोधायला फोन काढला, आईनं हात पुढे केला, त्यानं फोन दिला.

गेम अजून बाकी आहे. गोष्ट मध्ये काही वर्षं पुढे जाते, आणि गेलेल्या माणसाच्या घरचे त्याच गावात आहेत. आई प्रत्येक वेळी चित्रकाराला त्यांच्या दारावरून न्यायला सांगते. दादा म्हणतो, वेळ वाया जातो. ती म्हणते, जाऊ दे.

तिरपागडे

विकत घेतला. बायको वही शोधतेय.

निशाचर

तिरपागडे, खेळून झालं की इथे या, बोट कोणाकडे दाखवलंत ते सांगायला. 'बरोबर' कोणी म्हणणार नाही.

तिरपागडे

ते आता मला झोप लागू देणार नाही, हे तुम्हाला माहीत आहे.

शेवटचा_बाक

महिन्याभरानं रुमाल उचलतोय. एका बैठकीत सगळं वाचलं. चार गेमची नावं लिहून घेतली, सेटिंग चाळायचं लिहून घेतलं, माहीतगाराला मागे बसवायचं तेही लिहून घेतलं. आता फक्त माणसं हवीत. मी एकटा राहतो, मित्र दुसऱ्या टाइमझोनमध्ये.

निशाचर

स्टीम म्हणून संगणकावरच्या गेमचं ऑनलाइन दुकान आहे ना, त्यात 'रिमोट प्ले टुगेदर' नावाची सोय आहे. गेम एकाकडे असला की पुरतो, बाकीचे आपापल्या ठिकाणाहून त्यात शिरतात. शनिवारी आमचा 'हाउस ऑफ ॲशेस' सुरू होतोय. एक जण येत नाहीये, त्याचं पात्र मोकळं आहे.

शेवटचा_बाक

किती वाजता?

निशाचर

तुमच्याकडे रात्र कधी होते ते सांगा. आणि आधी पाहिलेला नाही ना?

शेवटचा_बाक

एक ट्रेलर पाहिलाय.

आगाऊ_कार्टं

मागे बसवा त्यांना.